आधी महिना, मग तारीख

अंबड, २ एप्रिल २००२

चि. बेबीनंदा हिस,
दादाचा आशीर्वाद व जयभीम. वि. वि. हे पत्र जीपवाल्याच्या हाती धाडून राह्यलो. वाचून फाडून टाक. बालवाडीच्या नोकरीचं आमच्या हापिसातून तुला जे पत्र आलं, त्याच्यावर ०४/०६ छापलंय. तू चार जून धरली असशील. मुलाखत सहा एप्रिलला हाय, येत्या शनिवारी.

कंपनीवाल्यानं कॉम्प्युटरमधी नवं सॉफ्टवेअर घातलं, तवापासून ते महिना आधी अन् तारीख मागून छापतंय. मी रोज सेटिंग बदलतो, बराबर सेव्ह करतो. सकाळी मशीन चालू केलं की पुन्हा त्याचंच खरं. जास्त हात घातला तर तुम्हाला परवानगी न्हाई म्हणतं. मी ऑपरेटर हाय का पाहुणा, तेच कळंना. अशी एकोणीस पत्रं गेली. साहेब म्हणले, बोभाटा केलास तर तुझीच नोकरी जाईल. जागा एकच हाय, कुणाला बोलू नको. आईला जयभीम सांग.
तुझा,
संपतदादा

घनसावंगी, ८ एप्रिल

ती. दादास,
बेबीनंदाचा सा. न. जयभीम. तुझ्यामुळं वेळेवर पोचले. एकोणीसपैकी तिघीच आल्त्या, बाकीच्या दोघीबी हापिसातल्याच कुणाच्या तरी. माझी निवड झाली. आईलाबी अजून सांगितलं न्हाई.

शेजारच्या चांगुणानं माझ्यासंगच अर्ज केल्ता. पाच तारखेला ती आल्ती, नवं काही कळलं का म्हणून विचारलं. मी न्हाई म्हणले. तुझं पत्र तवा माझ्या पोलक्यात होतं. नवरा गेल्यापासून ती ऊस तोडायला जाती, हे मला काय ठाव नव्हतं? आता चार जूनसाठी लुगडं धुऊन ठेवलंय तिनं, अन् मलाच सोबत चल म्हणती. मशीनला कळत न्हाई दादा, मला कळत होतं.
तुझी बहीण,
बेबीनंदा

अंबड, १२ एप्रिल

चि. बेबीनंदास,
आशीर्वाद व जयभीम. फाडून टाक असं मीच लिहिल्तं, तवा सगळा दोष तुझा न्हाई. काल मोठ्या साहेबाला सगळं लेखी दिलं. लई तापले. माझं काय करायचं ते जयंती झाल्यावर ठरवणार हायेत. तुझी निवड मात्र रद्द झाली, मुलाखत पुन्हा सगळ्यांची. चिडशील तर चीड.

तारीख मी सतरा एप्रिल मागून घेतली. सतरावा महिना नसतो, मंग मशीननं कितीबी उलटं छापलं तरी वाचणारी चुकायची न्हाई.

तुझं धरून अठरा पत्रं मी जीपवाल्यांच्या हाती धाडली. राग गेला की लोभ ठेव. चांगुणाबाईचं पत्र या पाकिटातच घातलंय, ते तू तिच्या हातात दे.
तुझा,
संपतदादा