माझ्या पायातला जंतू

प्रिय दादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. माझ्या प्रयोगशाळेतली मोना शनिवारी पुण्याला येतेय, ती तुझ्या हातात देईल. मी अजून कोल्हापुरातच, दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत. जंतू बाहेर जाऊ नये म्हणून आत येणाऱ्याने झगा, मास्क, हातमोजे घालायचे. चाळीस दिवसांत आईचा उघडा हात माझ्या कपाळाला लागलेला नाही.

मोडलेल्या नडगीत घातलेल्या सळईपाशी पू झाला, इतकं आईने तुला सांगितलं असेल. पुढचं तिलाही नीट कळलेलं नाही. सहा वर्षं मी काय करते ते तुला ठाऊक आहे. औषधाला जंतूच्या प्रथिनातल्या एका खाचेत जाऊन बसावं लागतं. खाचेचा आकार बदलला की औषध बसत नाही, जंतू मरत नाही. तो आकार कॉम्प्युटरवर काढून कुठलं औषध हरणार हे आधीच सांगायचं, एवढंच माझं काम. या वेळी नमुना माझ्याच पायातला होता. मोनाने जंतूची जनुकं वाचून घेतली आणि लॅपटॉप इथे आणून दिला.

तीन औषधं आधीच हरली होती. चौथं शेवटचं. ते जिथे बसतं ती जंतूतली खाच एका बाजूने वाकायला लागलेली. प्रोग्रॅम सांगत होता, आज औषध चालेल, पण आणखी एक बदल झाला की संपलं, आणि तो बदल होणारच. औषधं संपली की पाय काढणं एवढंच उरतं, म्हणून डॉक्टरांना दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "आज चाचणीत औषध चालतंय. तुमच्या भाकितावर मी पाय कसा काढू?"

त्यांचं बरोबर होतं. औषध सुरू झालं. दादा, त्या नऊ दिवसांत मी माझ्याच कामाविरुद्ध नवस बोलले. चूक सापडावी म्हणून आकडे पुन्हा पुन्हा तपासले. सगळं कळत होतं, आणि पलंगावरून उठता येत नव्हतं. बाबा गडमुडशिंगीहून, डेअरीत दूध घालून यायचे, मास्कआडून म्हणायचे, "पोरी, तुझं मशीन चुकतंय म्हण की एकदा." पाचव्या दिवशी ताप उतरला तेव्हा मी आनंदाने रडले. आठव्या दिवशी परत चढला. नवव्या दिवशी चाचणीचा निकाल आला, चौथं औषधही हरलं होतं.  माझं काम खरं ठरलं, आणि मला ते कुणालाच सांगावंसं वाटेना.

सोमवारी सकाळी गुडघ्याखालून पाय काढणार आहेत. थांबलं तर जंतू रक्तात पसरेल, म्हणून सही मी केली. नृसिंहवाडीहून येताना अपघात झाला तेव्हा गाडी तू चालवत होतास आणि तेव्हापासून तू इकडे फिरकला नाहीस. तुला कधीच दोष दिला नाही, असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. पहिला आठवडाभर खूप दिला. आता उरलेला नाही, आणि हे मला तुझ्यासमोर बसून सांगायचंय. आईबाबांना सांभाळायला मामा आहे. तू फक्त माझ्यासाठी ये. भूल उतरल्यावर मला आधी तुझं तोंड बघायचंय, मग चादर उचलेन.

तुझीच,
राजनंदिनी