पोट गोठवलं, गोळी सोडली

अधारताल, जबलपूर
१२ नोव्हेंबर २०२४

चि. बेबीस मुरलीदादाचे आशीर्वाद.

इकडे सारे बरे. तुझी वहिनी गुडघ्याला तेल चोळते आणि ऐकवते मला. दिवाळी झाली तरी सदर बाजारातल्या दुकानात लग्नाचे कपडे शिवायला गर्दी आहे. एका शिलाई मशीनवर सुरुवात केली होती, आता चार कारागीर आहेत. तरी काजं-बटनं मीच पाहतो. तू पाठवलेली संत्रा बर्फी मिळाली. तुझ्या चैत्रालीने तुकडाही तोंडात टाकला नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून पोरीवर चिडणार नाहीस.

पत्र काहून, फोन काहून नाही, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? अन् तुझा आवाज असा, की फोन पोरीच्या कानाला असतो आणि मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. तसंच ऐकलं. "पोट गेलं ना आता, मग गोळ्या कशाला? सासरी काय डबी घेऊन जाशील?" अन् पोरीने गोळ्या सोडल्या.

तुझा घोटाळा कुठे झाला ते मला कळतं. नागपूरचे डॉक्टर तीन वर्षं चैत्रालीला एकच सांगत होते, पोट कमी करा, शुगर आटोक्यात येईल. तू तिचं पोटच तेवढं कमी करवून घेतलंस. लग्न ठरल्याबरोबर पोरीला इथल्या क्लिनिकमध्ये पाठवलंस. मशीन लावून चरबी गोठवायची, ना सुई, ना टाका. स्कूटरवर मीच सोडून यायचो. फरक पडला, खोटं कशाला बोलू? रिसेप्शनच्या लेहेंग्याचं माप घेतलं तर कमर दीड इंच कमी. मीही खूश झालो.

पण टेप एक सांगे आणि पोरीचा चेहरा दुसरंच. इथल्या बँकेतल्या नोकरीवरून घरी आली की तांब्याभर पाणी पिऊन खुर्चीतच झोपून राहायची. शेवटी मी दुकान सोडून तिला रक्त तपासायला नेलं. शुगर पहिल्यापेक्षा जास्त. मग क्लिनिकच्या मॅडमना गाठलं. सरळ बाई आहे. म्हणाली, "भैया, चिमटीत येते तेवढीच चरबी आमची. आत लिव्हरपाशी असते, तिला हे मशीन पोचत नाही. शुगर के लिए खाना, चलना और डॉक्टर की गोली. गोली बंद करने को किसने कहा?"

मी तुझं नाव घेतलं नाही.

गोळी परत सुरू झाली आहे. सकाळी आम्ही मामा-भाची चालायला जातो. दम मलाच लागतो.

आणि हो, आपल्या होणाऱ्या जावयाचा, केतनचा, बंदगळा कोट मस्त बसला. परवा ट्रायलला आला होता. चैत्रालीही आली होती. दोघांना एकाच वेळी बोलावलं मी, कारण पोरगी चार दिवस म्हणत होती, मामा, मला त्याला सांगायचंय. तो ट्रायल रूमच्या परद्याच्या आत, ती बाहेर, मी काउंटरवर टाचण्या वेचत होतो. तोंडावर सांगणं जमलं नसतं, परद्याला सांगितलं.

"केतन, मला शुगर आहे. लपवली होती. पोट गोठवलं ते दिसतं. शुगर तशीच आहे."

परदा हलेना. मला वाटलं, हा बंदगळा आता दुसऱ्या कोणाच्या तरी अंगाला बसवावा लागणार.

मग आतून आवाज आला, "गोळी जेवणाआधी की नंतर?"

"नंतर."

"चलो, मग आधी जेवून घेऊ."

बेबी, रागाव माझ्यावर, पण आता खरं सांगायला थांबू नको. त्याने घरी सांगितलं आहे. रविवारी त्याची आई तुला फोन करणार आहे, माहीत असूनही विचारणार आहे. तू जर म्हणालीस, पोरगी ठणठणीत आहे, तर लग्न तिथेच उसवेल. शुगरने नाही, तुझ्या त्या एका वाक्याने. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टने पाठवून राहिलो.

लेहेंग्याचं कमरेतलं कापड मी कापलं नाही, आत दुमडून ठेवलं. पोट परत आलं तर शिवण उसवून देईन. त्याची फिकीर करू नको.

रविवारी इथून मला काही ऐकू येणार नाही, तरी कान तिकडेच लागलेले असतील.

तुझा,
मुरलीदादा