झाड हिरवं आहे तोवर

१२ डिसें. २००२, गुरुवार
रीनाताईंचा फोन थेट सुतारकामाच्या वर्कशॉपवर. मॅनेजरसमोर मराठीत बोलताना उगीच कान गरम झाले. त्यांच्या मुलीला, ॲनाला, यंदा नाताळचं झाड खरं हवं आहे, प्लास्टिकचं नको. उद्या सुट्टी आहे तर मी बघून आणावं, लाकडातलं मला कळतं, असं त्यांचं म्हणणं.
लाकडातलं कळतं. हिरव्या झाडातलं किती कळतं, देव जाणे.
मूळ कारण वेगळं आहे. इथे आखातात लढाई होणार असं जो तो बोलतो. ताई नर्स, हॉस्पिटल त्यांना सोडणार नाही. त्यांचे मिस्टर जॉनभाऊ तेलाच्या कॅम्पवर, महिन्यातून एकदा घरी. म्हणून ॲनाला जानेवारीत वसईला आजीकडे पाठवायचं आहे. आठ वर्षांच्या पोरीने अट घातली: खरं झाड आणा, ते सुकलं की जाईन. ताई हसत सांगत होत्या. म्हणाल्या, "इथल्या हवेत आठवडाभर टिकलं तरी पुष्कळ."
मला हसू आलं नाही. 

१३ डिसें., शुक्रवार
रूममधला बाळा बरोबर आला. रईच्या नर्सरीत झाडं जाळीत गुंडाळून ठेवलेली, हॉलंडची. एकेक सोडवून पाहिलं. फांदी वाकवली, सुई मोडली, वास घेतला. विकणारा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, कंटाळला. पाणी रोज, हीटरजवळ नको, एवढं त्याने मोडक्या हिंदीत सांगितलं. मग खोडाच्या बुंध्यावर हाताने करवत चालवल्याची खूण केली. उंची कमी करू का विचारतो आहे असं वाटून मी नको म्हटलं.
वाटेत हाफ लॉरी, म्हणजे भाड्याचा छोटा टेम्पो, वर्कशॉपवर थांबवली. बुंध्याचा काप पॉलिश पेपरने साफ केला, सीलरचे दोन हात दिले. आता तडकायची भीती नाही.
सालमियाला ताईंच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये झाड मावेना. तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने. आमच्याकडे होळीचं झाड वाटेत जमिनीला टेकवत नाहीत, ती सवय. बाळाचा खांदा भरून आला तरी मी टेकवू देईना.
"रे मेल्या, झाड हा काय नवरी? ठेव मरे खाली."
ठेवलं नाही. बादलीला तीन बाजूंनी स्क्रू लावून स्टँड केला. ओळंब्याने पाहिलं, सरळ. ॲनाने फांदीत तोंड खुपसलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

१५ डिसें., रविवार
काम संपल्यावर बस पकडून सालमियाला. परवा बादलीवर पाण्याच्या पातळीची खूण केली होती, पाणी तिथेच. म्हणजे बादली गळत नाही. समाधान वाटलं.
जेवून जा म्हणाल्या. दोन वर्षांपूर्वी हाताला टाके घालताना ताईंनी गाव विचारलं, राजापूर म्हटलं, आणि त्या शुक्रवारी जेवायला बोलावलं. तेव्हापासून या देशात टेबलाशी बसून जेवतो ते याच घरी. बाकी दिवशी पेपर अंथरून.

१९ डिसें., गुरुवार
सुया गळतात. झाडाखाली पांढरी चादर आहे, त्यावर सगळं दिसतं. एका बाजूची फांदी मऊ पडली आहे. पाणी अजून खुणेपाशीच.
हीटर बंद करवला. खिडकीची फट बुजवली. पाणी बदलून फिल्टरचं घातलं, बिल्डिंगमधल्या खाऱ्या पाण्याच्या लाइनचं चुकून आलं असेल म्हणून.
ॲना: "मामा, इज इट डायिंग?"
नाही म्हटलं. कशाच्या जोरावर, माहीत नाही. ताईंनी चादर झटकून परत घातली.

२० डिसें., शुक्रवार
आज कळलं.
ताईंना वॉर्डातल्या कुणीतरी गुलाब दिलेले. त्यांनी सिंकमध्ये पाणी भरलं, एकेक दांडी पाण्यात धरून खालचं टोक कात्रीने तिरकं उडवलं. मी विचारलं, का? म्हणाल्या, "जुनं टोक बंद होतं रे, पाणी चढत नाही."
हातातला चहा तसाच राहिला. त्या मिसऱ्याची खूण डोळ्यासमोर आली. लाकूड सुकून तडकू नये म्हणून आपण टोक बंद करतो. या झाडाला ते टोक म्हणजे तोंड. मी दोन हात देऊन ते शिवून टाकलं. पाणी कमी होत नाही म्हणून वर खूश!
ताईंना तिथेच सांगितलं. त्या हसल्या, मग हसता हसता थांबल्या.
सगळे गोळे, तारे उतरवले. झाड आडवं केलं. ॲना शेंडा धरून बसली. वॉचमनकडून मागून आणलेल्या करवतीने चांगला वीतभर तुकडा काढला. ओला वास सुटला. ॲनाने तो तुकडा मागून घेतला.

२१ डिसें., शनिवार
वर्कशॉपवरून फोन केला. ताईंनी उचलला. बादली अर्धी झाली म्हणाल्या. आवाज कसातरीच. मी मात्र दिवसभर शिट्टी वाजवत होतो. बाळाने विचारलं, लॉटरी लागली काय.

२५ डिसें., बुधवार
हाफ डे घेतला. जॉनभाऊ आलेले. त्यांना झाड फार आवडलं, दोनदा हात मिळवला. मऊ फांदी ताठ झाली आहे. ॲना सगळ्यांना सांगत होती, मामाने ऑपरेशन केलं.
ताई स्वयंपाकघरात एकट्या होत्या. मी ताटं ठेवायला गेलो. म्हणाल्या, "तू एवढं चांगलं कापायला नको होतंस." वाटलं थट्टा. मग म्हणाल्या, "ते सुकलं असतं तर तिने हट्ट केला नसता. आता मी तिला काय सांगू?"
ताटं ओट्यावर रचली आणि बाहेर आलो.

३ जाने. २००३, शुक्रवार
या आठवड्यात सलवाला तीन घरांत खिडक्यांना प्लास्टिक लावायचं काम. एका घरातली बाई विचारत होती, लढाईत विषारी गॅस आला तर हे पुरेल का. मी म्हटलं, चारही बाजू दाबून लावलं आहे. एवढंच मला सांगता येतं. घरी फोन झाला, आई परत ये म्हणते. बघू म्हटलं.
सालमियाला झाड जसंच्या तसं. सुई मोडली तर चिकट वास येतो. ॲना रोज खूण बघून पाणी घालते आणि वर्गात सांगते. शाळा अर्धी रिकामी झाली आहे.
ताईंनी विमानाचं तिकीट काढलं आहे. १८ तारीख, शनिवार. पोरीला अजून सांगितलेलं नाही.
निघताना जिन्यापर्यंत आल्या. "शब्द दिलाय रे तिला. हिरवं झाड समोर असताना कशी ओढून नेऊ? पाणी बंद होईल असं काहीतरी कर. तिला कळू न देता."

७ जाने., मंगळवार
ॲनाला ताप आहे, झोपून आहे. म्हणजे पाणी घालणारं कुणी नाही. ताईंचा फोन: शुक्रवारी येशील तेव्हा बादलीला हात लावू नकोस. बरं म्हटलं.
लढाई झाली आणि पोर इथेच असली तर? तो विचार आला की बरं म्हटलं ते बरोबर वाटतं. मग तो ओला तुकडा आठवतो.

१० जाने., शुक्रवार
मनाशी पक्कं करून गेलो. बादलीकडे बघायचंही नाही. आज ती कोरडी असणार.
ॲना अजून अंथरुणात, उठून बसते तेवढंच. माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, चेक." तिला दाखवायला म्हणून चादर वर केली. पाणी काठोकाठ. माझ्या खुणेच्या वर.
ताई दाराशी उभ्या, ड्युटीच्या कपड्यांत. म्हणाल्या, "रोज ठरवते नाही घालायचं." पदर नव्हता म्हणून हात युनिफॉर्मलाच पुसले.
निघताना: "पुढच्या शुक्रवारी करवत घेऊन ये. तुकडे करून खाली नेऊ. तिला मी सांगते."
"नक्की?"
"घेऊन ये तर खरी."

१६ जाने., गुरुवार
परवा ॲनाचं विमान. करवतीला धार लावली. पिशवीत घातली. बाळा म्हणाला, रे, उद्या खंय चाललंस लाकडां फोडूक?
पिशवीतून काढून परत खुंटीला टांगली. सकाळी बघू.