ग्राइंडरमध्ये खोट सापडेना

अहो,

प्रिय-बिय मला लिहिता येणार नाही. जन्मात कधी म्हटलं नाही, आता म्हटलं तर तुम्हालाच संशय येईल, हिला काय पाहिजे म्हणून. आणि खरंच पाहिजे आहे. उद्या परभणीला जाऊन ग्राइंडर आणायचा की नाही, ते आज तुमच्याशी बोलून ठरवायचंय. प्रकाशभाऊजींनी पेडगावहून फोन करून बजावलंय की रविवारी ते येणार आणि या वेळी काम सुरू केल्याशिवाय परत जाणार नाहीत. तुमच्या धाकट्या भावाला कधीपासून एवढी घाई सुटली हो?

कुठला ग्राइंडर, ते तुम्हाला सांगायला नको. तोच, कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा, वाकड्या मानेचा, मुठीत मावणारा. डाय ग्राइंडर हे नावसुद्धा मी तुमच्याच तोंडून शिकले. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुमची जुनी जीप, तिच्या शेजारी कॉम्प्रेसर, भिंतीवर नट पिळायचे पाने टांगलेले. शाळेतून आलात की बुशकोट काढायचा आणि शेडमध्ये शिरायचं. विजेचा मोठा ग्राइंडर जीपच्या सांध्याकोपऱ्यात जात नाही, खरा गंज तिथंच बसलाय, म्हणून हा लहान पाहिजे. हे मला शाळेतल्या पोरांच्या पाढ्यासारखं पाठ झालंय.

मग घ्यायचा ना! तर नाही. परभणीला जायचं, दुकानदाराला डबा उघडायला लावायचा, मशीन हातात घेऊन त्याचा दांडा हलवून बघायचा, नाक मुरडायचं आणि "बघू" म्हणून परत यायचं. वर मला जेवताना ऐकवायचं, "मंदे, जो दुकानदार सगळ्याला 'चालतंय' म्हणतो ना, त्याच्याकडून सुईपण घेऊ नये." मला बघायला आला होतात तेव्हा नव्हती केलीत एवढी चौकशी! पोह्याची बशी खाली ठेवायच्या आत होकार दिलात. त्याचापण मला आजवर संशय आहे.

आणि एवढं करून माझ्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी शेडमध्ये जायची ती जायचीच. विचारलं की म्हणायचात, "मी कुठं घेतली?" बोटं तर तेलकट असायची!

असो. खरं दुखणं सांगते. छातीत कळ आली आणि परभणीच्या दवाखान्यात पोचायच्या आत तुम्ही गेलात, त्याचं दुःख वेगळं. पण दहाव्याला तुम्ही चारचौघांत माझं नाक कापलंत.

गोदावरीच्या काठाला पिंड ठेवला होता. समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले, पण एक खाली येईना. मेलेल्या माणसाचा जीव कशात अडकलाय ते ओळखून ज्यानं त्यानं शब्द द्यायचा, तेव्हा कावळा शिवतो, हे काय आपल्याकडं कुणाला सांगावं लागतं? सासूबाई आधी बोलल्या, "माजी काळजी करू नको रं बाबा." कावळा ढिम्म. मग मला पुढं केलं. मी हात जोडून म्हटलं, "सोनीचं शिक्षण मी पुरं करते. तिला काही कमी पडू देत नाही." एकुलती एक लेक तुमची! कावळ्यानं मान तिकडं फिरवली. मी म्हटलं, "माझीपण काळजी करू नका, मी नीट राहीन." तो चोचीनं पंख साफ करत बसला. ऊन चढलं. भटजी म्हणायला लागले, आता दर्भाचा कावळा करू. तेवढ्यात प्रकाशभाऊजी मागून ओरडले, "दादा, तुजी जीप मी पुरी करतो! ये!"

आणि आला की हो! एक नाही, दोन आले.

भावकी हळहळली. "मास्तरचा जीव गाडीत व्हता बघा." कुणी डोळे पुसले, कुणी भाऊजींच्या पाठीवर हात ठेवला. आणि मी तिथं ओल्या लुगड्यानं उभी. बायकोत नाही, लेकीत नाही, गंजलेल्या लोखंडात जीव? लय लागलं मला ते. घरी येऊन मी शेडच्या दाराला कडी घातली आणि तुमच्या जीपचं तोंडसुद्धा बघणार नाही म्हटलं. ते काही जमलं नाही, ते पुढं सांगते.

तेव्हापासून माझं डोकं एकच धरून बसलं. भाऊजींना नेमकी जीपच कशी आठवली? आले की तुमच्याआधी ड्रायव्हरच्या सीटवर कोण बसायचं? पुरी करतो म्हणजे पुरी करून पेडगावला नेतो, असंच मी धरलं. कावळ्याचं काय, माणसं जरा मागं सरकली म्हणून आला असेल. पण भाऊजी बोलल्यावर माणसं मागं सरकली का, ते काही मला आठवंना.

मग भाऊजींनी मागणी काढली. "वैनी, बाकी समदं हाय. तेवढा हवेचा ग्राइंडर पाहिजे, त्याच्याबिगर कोपरे निघत न्हाईत." बघा! तुमचेच शब्द. मी म्हटलं, आणायचा तर मी पास केल्याशिवाय आणायचा नाही.

पहिला ते स्वतःच फडक्यात गुंडाळून घेऊन आले, कुणाच्या तरी गॅरेजमधला, वापरलेला. मी तुमच्यासारखा पुढचा दांडा दोन बोटांत धरून हलवला. खुळखुळ्यासारखा हलला. "भाऊजी, याचं बेरिंग गेलंय." ते माझ्याकडं बघतच राहिले. "वैनी, तुमाला कसं कळलं?" आता काय सांगू? संसारभर जेवणाच्या ताटावर दुसरं ऐकलंय काय मी!

दुसरा सोनीनं फोनवरून मागवला. डबा एवढा चकचकीत की मला तिथंच शंका आली. सोबत आलेल्या चकतीवर बारीक अक्षरात तिचा वेग लिहिला होता, तो मशीनच्या वेगापेक्षा कमी. म्हणजे जोरात फिरली की फुटणार आणि कुणाच्या तरी डोळ्यात जाणार. सोनी म्हणाली, "आई, चकती दुसरी घेऊ." मी म्हटलं, जो चकतीत फसवतो तो मशीनमध्ये सोडेल का? परत पाठवला.

तिसरा मानवतहून आणला. त्याच्या खटक्याला अडसरच नव्हता. चुकून हात दाबला गेला की सुरू! तोपण परत. तेव्हा भाऊजी कपाळाला हात लावून म्हणाले, "वैनी, ग्राइंडर घ्यायलाव का जावई करायलाव?"

हसू नका. तुम्ही असता तर तुम्हीपण परतच पाठवला असता.

असं करता करता पोळा झाला, दसरा झाला. दसऱ्याला तुमच्या पान्यांना हळदकुंकू लावलं, कॉम्प्रेसरला झेंडूची माळ घातली. भाऊजी तिथंच उभे होते. जीपच्या बॉनेटवरून हात फिरवत राहिले. मला तेही आवडलं नाही.

काल मी एकटीच परभणीला गेले. बाजारातल्या त्या म्हाताऱ्या चाचाच्या दुकानात. त्यानं ग्राइंडर काढून दिला. दांडा हलवला, हलला नाही. खटका बघितला, अडसर आहे. चकतीचा वेग मशीनपेक्षा जास्त. हवा बाहेर पडायचं भोक मागच्या बाजूला, म्हणजे तोंडावर धूळ उडायची नाही. वजनाला हलका. मी म्हटलं, थांब, आता याला बरोबर पकडते. विचारलं, "आमच्या छोट्या कॉम्प्रेसरवर दिवसभर चालेल ना?"

तो "चालतंय" म्हणाला असता की मी उठलेच होते. तर म्हणतो, "भाभी, झूट कायकू बोलूं? नहीं चलता. थोडा चलाव, रुको, टाकी भरने दो, फिर चलाव. और चलाने के पहले दो बूंद तेल डालो."

आता आली का पंचाईत! स्वतःच्या मालाची उणीव स्वतःच सांगणारा दुकानदार तर जास्तच पोचलेला असणार. मी डोळे बारीक करून त्याच्याकडं बघितलं. त्यानंपण माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ऐसाच हिलाके देखनेवाले एक मास्टर साब आते थे. लय दिन हुए, दिखे नहीं."

मी मशीन पुन्हा हातात घेतलं, उलटंपालटं केलं, कुठं तरी चीर, कुठं तरी डाग, काही तरी असेल म्हणून बघत राहिले. काही नव्हतं हो. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "बघू." चाचा म्हणाला, परसोंपर्यंत बाजूला ठेवतो. मी जी निघाले ती स्टँडवर येऊन बसले. आपल्या पाथरीची एक एसटी डोळ्यांसमोरून गेली तरी उठले नाही.

घरी आले तर भाऊजींचा फोन. "मिळाला का वैनी?" मी म्हटलं, चांगला आहे, पण थोडं थांबू. ते म्हणाले, "चांगला हाय तर थांबायचं कशाला?" आणि माझा तोल गेला. "तुम्हाला जीपच पाहिजे ना? सरळ सांगा, उगं दादाच्या नावानं कशाला?"

भाऊजी म्हणाले, "वैनी, मला जीप काय करायची? ट्रॅक्टर हाय माजा, तेवढा बास हाय. त्या दिवशी तुमी तितं उभ्या व्हता. तुमी बोलायल्या आन् कावळा येईना. माणसं तुमच्या तोंडाकडं बघायली. मला ते बघवंना. तोंडाला आलं ते वरडलो."

मग हळूच म्हणाले,

"आता दादाला शब्द दिलाय तर पुरा कराय नको का? मी तर आणून आणून थकलो. नको नको कोण म्हणायलंय, वैनी?"

रात्र गेली, आज दुपार झाली, अजून तेच डोक्यात आहे. या सगळ्यात मी सगळ्यांवर संशय घेतला. भाऊजींवर, दुकानदारांवर, कावळ्यावर, तुमच्यावर. एका मंदावर तेवढा घ्यायचा राहिला होता, तो आज घेतलाय.

शेडला घातलेली कडी मी दुसऱ्याच दिवशी काढली होती. रोज सकाळी झाडायला म्हणून जाते आणि झाडून झालं तरी जीपशी उभी राहते. सोनीचा फोन आला होता, माझा गुडघा दुखतोय, शेपूची भाजी आणलीय, असलं काय काय सांगत बसते. लोक म्हणाले ना, मास्तरचा जीव गाडीत? मग तुम्ही तिथंच आहात असं मी धरलं. गाडी पुरी झाली की तुमचा जीव सुटणार, आणि जीव सुटला की तुम्ही जाणार. आता तुम्हीच सांगा, मी कुठल्या तोंडानं एखाद्या ग्राइंडरला चांगला म्हणणार होते?

आणि अहो, तुम्हीपण वर्षानुवर्षं "बघू, बघू" म्हणत आलात ते कशासाठी? खरंच ग्राइंडरमध्ये खोट होती, का तुम्हालाच ती जीप पुरी करायची नव्हती? खरं सांगा. आता कुणाची भीती आहे तुम्हाला?

सांगणार नाही, माहीत आहे. मला तुमच्याशिवाय राहता येत नाही, हे मी एकदासुद्धा बोलून दाखवलं नाही. घाटावर सगळ्यांदेखत "मी नीट राहीन" म्हणाले. खोटं होतं ते. कावळा कशाला येईल खोट्याला?

तर आता खरं सांगते. मी नीट नाही. पण तुम्हाला त्या पत्र्याखाली कोंडून ठेवून मी नीट होणारपण नाही. उद्या जाते आणि ग्राइंडर घेऊन येते. रविवारी भाऊजी शेजारी उभे राहतील, चालवणार मीच. डोळ्याला चष्मा, तोंडाला रुमाल, आधी दोन थेंब तेल. टाकी रिकामी झाली की थांबेन, भरली की पुन्हा सुरू करेन. कुठं खोट काढत बसणार नाही, उगं लांबवणार नाही. एकही कोपरा गंजका ठेवणार नाही, हा माझा शब्द.

फक्त एक विचारते, रागावू नका. गाडी सुरू झाली की लगेच निघायचंय, का चहा घेऊन?

तुमचीच,
मंदा