तुझा आवाज माझ्याकडे आहे

प्रिय भोंग्या,

अकरा वर्षांनी या नावानं हाक मारतोय. माझ्या मेल तू न उघडताच पुसून टाकतोस हे ठाऊक आहे, म्हणून कागद घेतला. फाडायचा असेल तर फाड, पण वाचून फाड.

परवा तुझ्या घरी गेलो होतो. दार नुसतं लोटलेलं होतं. मी चपला काढत होतो, तेवढ्यात आतल्या खोलीतून तुझा आवाज आला. तोच, हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरून थेट मेसपर्यंत पोचणारा, बोलण्याआधी किंचित खाकरणारा. "आई, जेवलीस का?" काकू म्हणाल्या, भूक नाही. "दोन घास तरी खा गं. रिकाम्या पोटी गोळी घेऊ नकोस." एक पाय चपलेत, एक बाहेर, असा मी तिथेच थिजलो. वाटलं, तू आलायस. डोकावलो तर पलंगावर काकू एकट्याच, आणि समोर उशीला टेकवून ठेवलेला फोन.

हे सारं माझ्याच हातचं काम, तरी मीही फसलो.

खरं तर सुरुवात त्यांच्यासाठीच झाली होती. आपण तिसऱ्या वर्षाला होतो. काकू रक्तदाबाच्या गोळ्या विसरायच्या आणि तू रोज फोन करून वैतागायचास. मग एका दुपारी आपण खिडक्या लावल्या, गाद्या भिंतीला उभ्या केल्या आणि पांघरुणाखाली बसून तुझी चौदा वाक्यं टेप केली. ती वेळेवर आपोआप वाजतील अशी सोय मी केली. महिन्याभरात अख्ख्या मजल्यावरच्या पोरांच्या आईवडिलांना तू गोळ्या देत होतास. पुढे 'आठवण' कंपनी झाली. टायरच्या दुकानावरची ती खोली, रबराचा वास, दोन टेबलं. तू बोलायचास, मी जोडायचो. एका आजींनी तुला मफलर विणून पाठवला होता, सोबत चिठ्ठी: घसा जप, बाळा. तू तो भर उन्हाळ्यात गळ्यात घालून हिंडलास.

मग पैसेवाले आले. त्यांना चौदा वाक्यं नको होती, चौदाशेही नको होती. तुझ्या आवाजात कुठलंही वाक्य आपसूक तयार व्हायला हवं होतं. तू एवढंच म्हणालास की, मी जे बोललो नाही ते माझ्या तोंडी घालायचं नाही. मी मान डोलावली. आणि तू तुझ्या ताईच्या बाळंतपणाला गेलास त्या आठवड्यात तुझी सगळी ध्वनिमुद्रणं देऊन टाकली. कागदोपत्री आवाज कंपनीचा होता. त्या कागदावर तू न वाचता सही केली होतीस, कारण कागद मी पुढे केला होता.

तुला कळलं ते काकूंमुळे. त्यांनी फोन करून विचारलं, "खिडकी लाव, वारा सुटलाय, असं तू मला कधी बोलून ठेवलंस?" वारा खरंच सुटला होता. तू ऑफिसात आलास, कानाला हेडफोन लावलेस आणि तासभर स्वतःला ऐकत बसलास. तू आरडाओरडा करशील म्हणून मी तयारीत होतो. पण तू अगदी हळू म्हणालास, "हा मीच आहे रे. पण मी तिथं नव्हतो." आणि जिना उतरून गेलास.

त्यानंतर तू मला सगळीकडे भेटत राहिलास. लिफ्टमध्ये कुणाच्या तरी खिशात, दवाखान्यात, विमानात शेजारच्या सीटवर. एकदा भर दुपारी मीटिंगच्या रिकाम्या खोलीत बसून मी फोनमधल्या त्यालाच विचारलं, रागावलायस का? "नाही रे," तो लगेच म्हणाला. दहा वेळा विचारलं, दहाही वेळा "नाही रे." तू असतास तर चार दिवस तोंड फुगवून बसला असतास. त्यानंतर त्या खोलीत मी एकटा गेलेलो नाही.

आता जे लपवलं ते सांगतो. गेल्या हिवाळ्यात औषधांच्या दुकानात मी तुला पाहिलं. गळ्याला पांढरा रुमाल होता आणि तू छोट्या वहीत लिहून दुकानदार बाईंना दाखवत होतास. काउंटरवरचा त्यांचा फोन वाजला. "ताई, गोळीची वेळ झाली." तुझं पेन थांबलं. फोन बोलत होता आणि तुझे ओठ त्याच्याबरोबर हलत होते, शब्दाला शब्द. नुसते ओठ. मी साबणांच्या कपाटाआड उभा होतो. पुढे आलो नाही. नंतर तुझ्या ताईकडून सगळं कळलं: गाठ, शस्त्रक्रिया, स्वरयंत्रच काढावं लागलं. हेही कळलं की काकूंना काही सांगितलेलं नाही. दोन वर्षं तू त्यांना 'कामात आहे' एवढाच मेसेज करतोस.

परवा गेलो होतो ते हे सांगायला की कंपनी विकली गेली, पुढच्या एक तारखेपासून नवा आवाज येईल आणि तुझा बंद होईल. काकूंनी शांतपणे फोन बंद केला. म्हणाल्या, "हा माझा नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहितीये. माझा मुलगा इतकं कुणाचं ऐकून घेत नाही. पण खरा फोनच करेना, तेव्हा ह्यालाच रोज विचारते, बरा आहेस ना? हा म्हणतो, हो." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू सांग. बरा आहे ना तो?"

पाणी प्यायलो आणि निघालो. म्हणून हे पत्र. तुझ्या आवाजाची एक प्रत मला काकूंसाठी चालू ठेवता येईल, पण या वेळी तुला विचारल्याशिवाय नाही. तू नको म्हणालास तर ती माझ्या हातानं पुसेन. हो म्हणालास तरी आधी त्यांच्यासमोर जाऊन बस. त्यांनी मला जे विचारलं त्याचं उत्तर द्यायचा हक्क माझा नाही, त्या फोनचा तर नाहीच.

तुझाच, तू अजून म्हणू देत असशील तर,
काड्या