तबकडीवरचं पुसलेलं नाव

बुधवार, ९ मार्च

दादा,

नमस्कार. सहा वर्षांनी भावाला पत्र लिहायचं तर मायना काय लिहितात हे कुणी शिकवलंच नाही. दोन कागद त्यातच गेले. इकडे सगळं ठीक. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, दुकानाच्या दाराला नवी काच बसवली. तुझा गुडघा कुरकुरतोय असं वहिनीकडून फोनवर कळलं. जिने चढायची हौस आता पुरे कर.

काल दुपारी दुकानात एक नर्सबाई आल्या. निवृत्तीला महिना राहिलेला, स्वतःसाठी चांगलं घड्याळ हवं होतं. मी दोन्ही समोर ठेवली, थोरलीचं आणि धाकटीचं. बाबांचेच शब्द अजून चालवते मी: मोठी महागडी कंपनी ती थोरली, आणि तिनेच काढलेली, किंमत परवडेल अशी दुसरी कंपनी ती धाकटी. बाईंनी थोरलीचं घातलं आणि हात प्लास्टरमध्ये असल्यासारखा धरून ठेवला. मग धाकटीचं घातलं आणि त्याच हाताने पदर सारखा केला, पिशवी उचलली, नाकही खाजवलं.

"हेच द्या," म्हणाल्या. "पण खरं सांगा हं, माल हलका नाही ना?"

"अहो, घरातलीच आहे ती," मी म्हटलं. "जुन्या घड्याळांत तर थोरलीने आपलंच अंगडं धाकटीला घातलेलं असायचं. तेच झाकण, तीच चावी. मशीन तेवढं बाहेरचं, पण तेही इमानी. थोरली लोक कपाटात जपतात. धाकटी हातावर म्हातारी होते."

बोलताना मी काचेवर बोटं वाजवत होते. बाबा वाजवायचे तशी. बाई गेल्यावर कितीतरी वेळ भिंग डोळ्याला लावून बसले, समोर दुरुस्तीला काहीही नसताना.

बाबांचं घड्याळ तुला आठवतंच. पिवळट पडलेली कोरी तबकडी, चावीवर थोरलीची खूण, मागच्या झाकणावर थोरलीचं नाव. तू नऊ वर्षांचा असशील. बाबा दाढी करत होते आणि तू ते उलटं करून वाचलंस. आठवड्याभरात अख्ख्या शाळेला कळलं की घड्याळवाल्याच्या हातात थोरलीचं घड्याळ आहे. तुझ्याशी कुणी भांडलं की तू तेच काढायचास.

दादा, ते धाकटीचं होतं.

तबकडीवर नाव होतं तिचं. बाबा नवशिके असताना त्यांनी ती साफ करायला घेतली आणि कापसाच्या बोळ्याबरोबर नावही निघून आलं. स्वतःच्या घड्याळावरच हात साफ केला, म्हणून फार हसायचे. तू शाळेत मिरवत होतास तेव्हाच मला हे सगळं सांगितलं होतं, कारण मी सारखी त्यांच्या टेबलाखाली बसलेली असायचे. मी म्हटलं, "मग दादाला सांगा ना." तर म्हणाले, "राहू दे गं. त्याची मान ताठ होतेय ना त्याने. मोठा झाला की सांगेन."

तू मोठा झालास. पहिल्या नोकरीवर गेलास, लग्न केलंस, टक्कल पडलं. त्यांना काही ते सांगवलं नाही.

मग बाबा गेले त्या आठवड्यात तू दुकानात उभा राहून विचारलंस, "बाबांचं ते घड्याळ कुठेय?"

"आहे. ठेवलंय."

"म्हणजे तेही तुझ्याकडेच. दुकान तुला, घड्याळ तुला. एवढं महागडं घड्याळ, एका शब्दाने मला विचारलं नाहीस."

खण माझ्या गुडघ्याला लागत होता. उघडून घड्याळ तुझ्या हातात ठेवायला आणि एक वाक्य बोलायला असा किती वेळ लागला असता? मी बोलले नाही. इतकी वर्षं लोकांना सांगत आले की दादाने माझ्यावर चोरीचा आळ घेतला. वहिनीलाही तेच सांगितलं. बाबांचा शब्द राखला, असं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. लहानपणापासून सगळं आधी तुला कळायचं, तुला यायचं. ही एकच गोष्ट मला ठाऊक होती आणि तुला नव्हती. त्या दिवशी मला तू चुकलेला हवा होतास, म्हणून तुला चुकू दिलं. तू पायऱ्या उतरून गेलास तेव्हा, खरं सांगते, मला जरा बरं वाटलं होतं. पंधरा दिवस टिकलं ते. पुढची वर्षं नाही.

बाबा लाजेपोटी गप्प राहिले, अशी सोपी समजूतही मी करून घेतली होती. त्यांच्याकडे थोरलीचं नव्हतं याची लाज त्यांना कधीच नव्हती. तुझा चेहरा उतरलेला पाहायची मात्र भीती होती.

घड्याळ चालू आहे. तेलपाणी मीच करते. दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं, तेवढं चालायचंच. तुला पाठवावं म्हणून तीनदा पार्सल बांधलं आणि तिन्ही वेळा दोरी सोडली. पोस्टाने ते पोचेल रे, पण मग तुला इकडे यायला निमित्त उरणार नाही.

म्हणून पाठवत नाही. तू येऊन घेऊन जा. भांडायला आलास तरी चालेल, या वेळी मी उत्तर देईन.

खरी ठरायची हौस फिटलेली,
तुझी बहीण