फूटबोर्डला तडा कुणी पाडला?

मंगळवार, २३ सप्टेंबर
बायकोच्या, म्हणजे विजयश्रीच्या, स्कूटरच्या फूटबोर्डला तडा. वीतभर, आरपार. रविवारीच मी त्यावर भरलेला गॅस सिलिंडर उभा करून आणला, मोशीतल्या सगळ्या खड्ड्यांतून. तेव्हा गाडी ठणठणीत होती. म्हणजे घातपात रविवारनंतरचा.
संशयित: खालच्या मजल्यावरचे हिंदुराव. पार्किंगमध्ये मला बघून हसले. कारण नसताना माणूस हसत नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर
कंपनीतून लाल ‘होल्ड’ टॅग आणून हँडलला बांधला. तपास संपेपर्यंत गाडी हलणार नाही.
विजयश्री म्हणाली, आई ऑपरेशननंतर घरी आलीय, दसऱ्याला सोनं द्यायला मला देहूरोडला जायचंच आहे, गाडी मेकॅनिककडे टाका. मेकॅनिक अख्खा फूटबोर्ड बदलणार, म्हणजे पुरावाच गायब! शिवाय मी चाकणला प्लास्टिक पार्टच्याच कंपनीत क्वालिटीला. दसऱ्याच्या आत नव्यासारखी करून देतो म्हणालो. शब्द म्हणजे शब्द.

शुक्रवार, २६ सप्टेंबर
हिंदुरावांना आडून विचारलं, गाडी मागे घेताना काही आवाज वगैरे? म्हणाले, न्हाई बा, पर रविवारी तुमी सिलिंडर आणला तवा गेटापाशी कडकन आवाज आल्ता.
विषय बदलण्यात पटाईत. बोलणं बंद केलं.

रविवार, २८ सप्टेंबर
दुरुस्ती. सोल्डरिंग गन तापवून तड्यात जाळी दाबून बसवली, वर प्लास्टिक वितळवून ओतलं. जाळी चहाच्या गाळणीची, प्लास्टिक निळ्या बादलीचं. काळ्यावर निळा पट्टा जरा उठून दिसतो. मायनर डिफेक्ट. पास.
विजयश्रीने गाळणी कुठे म्हणून विचारलं. हिंदुरावांचं नाव सांगणार होतो, पण पुरावा नव्हता.

मंगळवार, ३० सप्टेंबर
चहात चोथा येतोय. सिलिंडरचा विषय निघाला की विजयश्री छताकडे बघते. तीही यात सामील असेल का?

बुधवार, १ ऑक्टोबर, खंडेनवमी
कंपनीत मशीनची पूजा, पेढे. लवकर सुटलो. घरी येऊन गाडीची लोड टेस्ट. टेस्ट खऱ्या लोडवरच घ्यायची असते. ज्या सिलिंडरने तेव्हा काही झालं नव्हतं, तोच उभा केला.
गेटचा स्पीडब्रेकर. कड्!
दोन तुकडे. निळा पट्टा सालीसारखा निघून आला.
हिंदुराव खिडकीत होते. म्हणाले, व्हय, ह्योच आवाज.
सिलिंडरचं वजन नक्की जास्त भरतात.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा
विजयश्री सकाळीच देहूरोडला गेली. हिंदुरावांच्या स्कूटरवर. त्यांनी गाडीला झेंडूचा हार घालून चावी स्वतः वर आणून दिली. मी येऊ का विचारलं नाही. तिनेही चला म्हटलं नाही. तिची आई कशी आहे, हेसुद्धा मी दहा दिवसांत एकदा विचारलं नव्हतं.
संध्याकाळी हिंदुराव सोनं द्यायला आले. नाइलाजाने गळाभेट. पाठीवर थोपटता थोपटता हसायला लागले. म्हटलं, आलाच ना गुन्हा चेहऱ्यावर!
रात्री शर्ट काढला. मागे, कॉलरखालच्या पट्टीला लाल टॅग. होल्ड. दिवसभर तसाच सोसायटीत फिरलो.
गाठ विजयश्रीची आहे. डब्याच्या पिशवीला रोज बांधते तशीच.
तपास बंद.